ग्रहण सुटेपर्यंत

चिंचवडच्या अलीकडे, पुणे-मुंबई रस्त्याला लागून, एका धर्मादाय मंडळाचा कौलारू दवाखाना होता. पुढे पडवी, आत दोन खोल्या आणि मागे नर्सला राहायला एक लहानशी खोली. डॉक्टर पुण्याहून मोटारसायकलवर यायचे, तेही सोमवारी, गुरुवारी आणि शनिवारी. बाकीचे दिवस दवाखाना म्हणजे इंदू.

इंदू तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती. नगरला शिकलेली, हाताला हलकी, बोलायला कमी. तिचा नवरा दौलतराव एस.टी.वर ड्रायव्हर होता आणि त्याची नेमणूक कोल्हापूरला होती. पंधरा दिवसांनी तो यायचा, एक दिवस राहायचा, जेवायचा, झोपायचा आणि पुन्हा जायचा. दवाखान्यात दिवसभर माणसं असायची. पण ती सगळी दुखणं घेऊन आलेली. बरं वाटलं की उठून जायची.

पिंपरीच्या बाजूला नवे कारखाने उभे राहू लागले होते. आधी विळ्याच्या, काट्याच्या, बैलाच्या शिंगाच्या जखमा यायच्या. आता लोखंडी पत्रा, तारेचा दोर, उकळतं डांबर यांच्या येऊ लागल्या. डॉक्टरांनी इंदूला टाके घालायला, तुटलेली रक्तवाहिनी शोधून बांधायला शिकवलं होतं. "रक्त वाहत असेल तर माझी वाट बघत बसायचं नाही," त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलं होतं. आणि ती कधी बसलीही नव्हती.

पंचावन्न सालच्या कार्तिकी अमावास्येला सूर्यग्रहण होतं. बुधवार होता. इंदूला पाचवा महिना लागला होता.

सासूचं कार्ड आठ दिवस आधीच आलं होतं. सोजराबाईंना लिहिता येत नव्हतं. शेजारच्या मास्तरांकडून त्यांनी लिहून घेतलं होतं. ग्रहणात काही चिरायचं नाही, शिवायचं नाही, उघड्यावर जायचं नाही, मांडी मोडून बसायचं नाही. शेवटची ओळ अशी होती: "मागच्या खेपेला ऐकलं नाहीस, यंदा ऐक."

इंदूने ते कार्ड दोनदा वाचलं आणि उशीखाली ठेवलं.

मागची खेप तीन वर्षांपूर्वीची होती. ती नगरच्या दवाखान्यात होती आणि त्या रात्री चंद्रग्रहण होतं. तिने एका बाईच्या कपाळाला चार टाके घातले होते. बरोबरच्या एका मुलीने हळूच आठवण केली, तेव्हा मेट्रन मोठ्याने हसल्या होत्या आणि इंदूही हसली होती. पुढे बाळ झालं ते मुलगा होता. त्याचा वरचा ओठ नाकपुडीपर्यंत फाटलेला होता आणि आत टाळूही. त्याला दूध ओढता येत नव्हतं. इंदू चमच्याने, कापसाच्या बोळ्याने दूध पाजायची. ते नाकावाटे परत यायचं. नवव्या दिवशी ते गेलं. त्याच्याही आधी एक पाचव्या महिन्यात पडलं होतं, पण त्याला तिने तोंड पाहून ओळखलं नव्हतं. याला ओळखलं होतं.

अशा मुलांबद्दल पुस्तकात काय लिहिलंय ते तिला पाठ होतं. पोटातल्या बाळाचा ओठ दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच जुळून येतो, हेही तिला माहीत होतं. म्हणजे या बाळाचं जे व्हायचं ते होऊनही गेलेलं होतं. रात्री दिवा मालवल्यावर ती हे स्वतःला नीट, पायरी-पायरीने समजावून सांगायची. मग कुशीवर वळायची आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागायची.

त्या बुधवारी सकाळीच दवाखान्यातली आया मंजुळाबाई पदर खोचून तिच्यासमोर उभी राहिली. मंजुळाबाई पिंपळे गुरवची, तिथल्या जुन्या घरातली, साठीची बाई.

"मी घरला चाललेय. गिराण सुटलं की न्हाऊन येते. तुमी आतल्या खोलीत दार लावून गप पडून ऱ्हावा."

"आणि कुणी आलं तर?"

"कोन येतंय आज? समदी घरात हायती," ती म्हणाली आणि जाताना पाण्याच्या हंड्यावर तुळशीचं पान ठेवून गेली.

कुणी येणार नाही असं इंदूलाही वाटलं होतं. रस्ता खरोखरच ओस पडला होता. हत्यारं तिने सकाळीच उकळून झाकून ठेवली होती. ती खोलीत पडून राहिली. भर उन्हाचा रंग हळूहळू फिका पडत गेला, कावळे गप्प झाले. आठवडाभरापासून बाळ आत हलायला लागलं होतं, मासा वळावा तसं. त्या दिवशी ते हलत नव्हतं. ती पोटावर हात ठेवून वाट पाहत होती.

बाराच्या सुमाराला पडवीत पावलं वाजली आणि कुणी तरी ओरडलं, "नर्सबाई! ओ नर्सबाई!"

दोन मजूर एका माणसाला दोन्ही बाजूंनी धरून उभे होते. माणूस पंचेचाळिशीचा, काटक, अंगात बंडी, तिच्यावर रक्ताचा ओघळ. रस्त्यापलीकडे एका शेडवर पत्रे चढवायचं काम चाललं होतं. मुकादमाने ग्रहणाचीही सुट्टी दिली नव्हती. दोरातून निसटलेला पत्रा त्याच्या उजव्या हातावर, मनगटाच्या वर, आतल्या बाजूने घसरला होता. कोपराच्या वर कुणी तरी धोतराची पट्टी काडी घालून करकचून पिळली होती. बोटं निळसर पडली होती.

"बांधून किती वेळ झाला?" इंदूने विचारलं.

"पाव घंटा झाला आसंल," एक मजूर म्हणाला.

तिने त्याला टेबलावर निजवलं. पट्टी अशीच राहिली तर हात मरणार, हे तिला ठाऊक होतं. ती सोडायला हवी. काडी काढली तरी खालची गाठ रक्ताने भिजून घट्ट झाली होती. कात्री हाताशीच होती, झाकणाखाली. इंदूचा हात तिथपर्यंत गेला आणि थांबला. मग ती वाकली आणि ती गाठ दाताने सोडवू लागली. जिभेवर रक्ताची आणि घामाची चव आली. मजूर नवलाने बघत होते.

गाठ सुटली तशी जखमेतून रक्ताची चिळकांडी उडाली. तिने कापडाची घडी दाबली, अंगठा रोवला, जोर दिला. रक्त थांबलं. अंगठा जरा सैल केला, की पुन्हा उसळी. करंगळीच्या बाजूची मोठी रक्तवाहिनी तुटली होती आणि तिचं तोंड आत ओढलं गेलं होतं. बाहेरून चिमट्यात येईना. जखम बोटभर वाढवायची, तोंड धरायचं, दोऱ्याने बांधायचं, वर टाके घालायचे. पंधरा मिनिटांचं काम. तिने ते याआधी तीनदा केलं होतं.

तिने खिडकीतून बाहेर पाहिलं. ऊन राखेसारखं झालं होतं.

"शिवनार न्हाई का बाई?" त्या माणसाने विचारलं.

"आधी रक्त थांबू दे," इंदू म्हणाली.

तिने त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं नाही. अंगठ्याखाली त्याची नाडी ठणठण उडत होती. तिने स्टूल पायाने ओढलं, बसली आणि दाबून धरलं. दाबून धरणं म्हणजे चिरणं नव्हे. शिवणंही नव्हे. दीड-दोन तासांचा प्रश्न होता.

मजुरांतला एक मुकादमाला सांगायला गेला, दुसरा पडवीत डोक्यावर टॉवेल घेऊन बसला. खोलीत ती दोघंच राहिली.

"नाव काय तुमचं?" तिने विचारलं.

"चिमाजी. पारनेरकडला हाय मी."

"दुखतंय?"

"दुखतंय की. पर बोटास्नी काय कळंना. ही दोन." त्याने करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नजरेने दाखवलं. "मुंग्याबी न्हाईत."

याचा अर्थ इंदूला कळला होता. रक्तवाहिनीच्या शेजारून जाणारी संवेदनेची नसही पत्र्याने तोडली असावी. ती इथे जोडता येणार नव्हती. जमलं तर पुण्याच्या मोठ्या दवाखान्यातच, आणि जितकं लवकर तितकं बरं.

पाऊण वाजता रस्त्यावर ट्रक थांबला. मजुराने आडवा हात करून थांबवला होता. ड्रायव्हर आत आला आणि दारातूनच म्हणाला, "पुण्याला चाललोय. पेशंट द्यायचा तर आत्ता द्या. पुढे माझ्या किलींडरजवळ बसवतो."

इंदू उठली नाही. टाके घातलेले असते तर चिमाजी आपल्या पायाने जाऊन बसला असता. टाके नव्हते, तर कुणी तरी असाच अंगठा धरून बरोबर जायला हवं होतं. उघड्या रस्त्यावरून, त्या राखेसारख्या उन्हातून.

"तुमच्या माणसाला इथे दाबायला येईल?" तिने विचारलं.

क्लीनरने येऊन प्रयत्न केला. तिने त्याचा अंगठा आपल्या हाताने जागेवर ठेवला. पण तो घसरत राहिला; चार-सहा श्वासांतच कापड भिजलं आणि थेंब फरशीवर पडले. तो पांढरा पडून मागे सरला. इंदूने पुन्हा आपला अंगठा रोवला.

"तुमीच चला की बाई," ड्रायव्हर म्हणाला. "तासाभरात सोडतो."

"मला दवाखाना टाकून येता येत नाही," ती म्हणाली.

हेही खोटंच होतं. ड्रायव्हर "बरं" म्हणून गेला. ट्रकचा आवाज ओस रस्त्यावरून बराच वेळ ऐकू येत राहिला, आणि तो ऐकू येईनासा होईपर्यंत इंदूला वाटत होतं की अजून हाक मारता येईल.

चिमाजी छताकडे बघत होता. थोड्या वेळाने तो म्हणाला, "बाई, तुमचा हात भरून आला आसंल."

"नाही."

"माझ्या बायकूनंबी येवढा येळ हात धरला न्हवता कधी," तो म्हणाला आणि लाजला. मग घरचं सांगू लागला. बायको गावी होती, दोन लेकी होत्या, थोरली लग्नाची. तो वर्षातून दोनदा जायचा. इथे शेडमागे चौघांत एक खोली होती. "आज सकाळधरनं पान्याचा घोट न्हाई. गिराण म्हनून. आनि बगा, गिराणातच लागलं."

"लागलं ते दोर सुटला म्हणून," इंदू म्हणाली.

"ते बी खरंच." त्याने मान हलवली. "तुमास्नी लेकरं किती?"

पदर पोटावरून घेतलेला होता. अजून सहज ध्यानात येण्यासारखं नव्हतं.

"नाहीत," ती म्हणाली.

"व्हतील," चिमाजी म्हणाला आणि डोळे मिटून पडला.

तिचा अंगठा आधी दुखला, मग जळायला लागला, मग तो आपला आहे हेही कळेनासं झालं. खांदा, मान, पाठ दगडासारखी झाली. ती पोटाच्या आतल्या हालचालीकडे कान लावून होती आणि आत काहीच हलत नव्हतं. आपण काय करतो आहोत हे तिला स्वच्छ दिसत होतं. समोर एका माणसाचा कामाचा हात होता आणि ती घड्याळाकडे बघत बसली होती. तिने दोनदा ठरवलं की आता उठायचं आणि सुरी घ्यायची. दोन्ही वेळा तिला कापसाचा बोळा आणि नाकावाटे परत येणारं दूध दिसलं, आणि ती जागची हलली नाही. हे ज्याला सांगता येईल असा एकही माणूस तिला आठवेना. मेट्रनना सांगितलं तर त्या हसतील. सासूला सांगितलं तर ती विचारेल, यात सांगण्यासारखं काय आहे?

दोन वाजून गेल्यावर ऊन पुन्हा पिवळं झालं. लांब वस्तीतून आरोळी ऐकू आली, "दे दान, सुटे गिराण!" थोड्याच वेळात मंजुळाबाई ओल्या केसांनी दारात उभी राहिली.

"अगं बया! ह्ये काय झालं?"

"स्टोव्ह पेटवा. पाणी ठेवा. ते झाकण उघडा," इंदू म्हणाली.

पुढचं सगळं भराभर झालं. मंजुळाबाईने तिच्या सांगण्याप्रमाणे दुसऱ्या बाजूने अंगठा धरला. इंदूने बधिर हात झटकून झटकून जिवंत केला, धुतला, सुई टोचून जागा बधिर केली, जखम वाढवली, रक्तवाहिनीचं तोंड चिमट्यात धरलं आणि बांधलं. नऊ टाके घातले. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, चिठ्ठी लिहिली आणि चारच्या गाडीने चिमाजीला एका मजुराबरोबर पुण्याला पाठवलं.

गाडी गेल्यावर ती मागच्या खोलीत जाऊन बसली. बाळ संध्याकाळी उशिरा हललं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. डॉक्टरांनी सगळी हकिगत ऐकली. "दोन तास अंगठ्याने धरून ठेवलंत?" ते म्हणाले. "तोंड सापडत नव्हतं का?"

"आत ओढलं गेलं होतं," इंदू म्हणाली. एवढं खरं होतं.

"शाबास आहे तुमची. एखादा डॉक्टरसुद्धा कंटाळला असता."

तीन महिन्यांनी पुण्याहून पत्र आलं. हात वाचला होता. दोन बोटं मात्र कायमची निकामी झाली होती. नस जोडून पाहिली, उपयोग झाला नाही. इंदूने सहज विचारल्यासारखं विचारलं, "तीन तास आधी पोचला असता तर?"

डॉक्टरांनी कागद खाली ठेवला. "सांगता येत नाही. बहुतेक नाहीच. पत्र्याने तुटलेल्या नसा क्वचितच जुळतात. का?"

"असंच," ती म्हणाली.

त्या वेळी खोलीत दुसरं कुणी नव्हतं. डॉक्टर चांगले होते, घाईत नव्हते. तिने तोंड उघडलंही. पण त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

वैशाखात इंदू सासरी ओतूरला बाळंत झाली. मुलगी झाली. सुईणीने तिला उचलताच सोजराबाईंनी आधी तोंड पाहिलं. ओठ अखंड, नाजूक, गुलाबी होता. सोजराबाई रडल्या. मग इंदूच्या केसांवरून हात फिरवत म्हणाल्या, "ऐकलंस गं माझं. म्हणून झालं."

इंदू भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मुलगी दूध ओढत होती. तिच्या ओढण्याचा जोर सबंध अंगाला जाणवत होता. इतकं सुख तिला कधी झालं नव्हतं. त्या सुखातच तिला पारनेरकडच्या त्या माणसाची दोन बोटं आठवली आणि ते कुणाला बोलून दाखवता येईना.

श्रावण सरता सरता, ती कामावर परत आल्यानंतर, चिमाजी दवाखान्यात आला. शेडमागच्या खोलीतलं अंथरूण आणि हत्यारं न्यायला तो आला होता. हातोडा धरवत नव्हता. त्याने मटकीचं एक गाठोडं टेबलावर ठेवलं आणि पडवीतल्या पेशंटांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ह्या बाईनं दोन घंटं माजा हात सोडला न्हाई. न्हाईतर मी कवाच गेलो आसतो."

इंदूने त्याला आतल्या खोलीत नेलं. मुलगी झोळीत झोपली होती. तिने दार लोटलं आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं. "चिमाजी, मला त्याच वेळी टाके घालता आले असते. तुम्ही आलात तेव्हाच. ट्रकातून लगेच पुण्याला गेला असता. मी घातले नाहीत. मला दिवस गेले होते आणि ग्रहण होतं."

ती थांबली होती. तो ओरडेल, शिवी देईल, निदान हाताकडे तरी बघेल, असं तिला वाटत होतं.

"मंग बरूबर हाय की," तो म्हणाला. "पोटुशी बाईनं गिराणात चिरायचं न्हाई, ह्ये कुनाला ठावं न्हाई? सांगितलं आसतं, तर मीच म्हनलो आसतो, ऱ्हाऊ द्या बाई."

"पण त्यात काही नसतं. मला माहीत होतं, काही नसतं."

"आसं कसं?" तो झोळीकडे वळला, डाव्या हाताने कापड बाजूला करून वाकला. "ही बगा की. नक्षत्रावानी हाय पोर. न्हाई?"

"हो."

"मंग झालं तर." त्याने कापड नीट केलं. पारनेरची गाडी कुठे मिळेल, ते विचारलं आणि अंथरुणाची वळकटी डाव्या खांद्यावर टाकून निघाला. रस्ता ओलांडताना त्याने मागे वळून पाहिलं नाही. त्याला गाडीची घाई होती.

पडवीत चार माणसं थांबली होती. इंदूने एकेक करून त्यांचं काम केलं.

संध्याकाळी दौलतराव आला. हात-पाय धुऊन, मुलीला खांद्यावर घेऊन तो खोलीभर फिरला, मग जेवायला बसला. कराडच्या पुलावर पाणी कसं चढलं होतं, ते त्याने सांगितलं. ताटातली मटकीची उसळ त्याला आवडली.

"कुणी दिली?"

"एक पेशंट होता मागचा. गावी चालला होता, तर भेटायला आला."

"बरा झाला ना?"

इंदूने त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. "झाला," ती म्हणाली.

त्याने मान डोलावली आणि पाण्याचा तांब्या पुढे ओढला.